गाडगं रिकामं धाडू नये

गुडघे गेले तशी सोजराबाईंची बाजारातली जागाही गेली. चाळीस वर्षं पिंपळगाव राजाच्या बाजारात त्या एकाच ठिकाणी पोतं अंथरून बसल्या. मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, वांगी, घरच्या वाफ्यातला लसूण. गिऱ्हाईक लांबून येताना दिसलं की ते घेणार की नुसतं हात लावून जाणार, हे त्यांना त्याच्या चालीवरून कळायचं. आता त्या जागी दुसरी कोणी बसते. बाजाराच्या दिवशी सकाळी सोजराबाईंना अजून पहाटेच जाग येते आणि मग आठवतं, की कुठं जायचं नाही.

घर दिराचं, शेषरावांचं. सोजराबाईंना मूलबाळ नाही, मालक जाऊनही वीस वर्षं झाली. पण शेषरावांची मुलगी अपेक्षा त्यांच्याच मांडीवर वाढली. ती त्यांना मोठीमाय म्हणते. अमरावतीला शिकून पोरगी परत आली होती आणि मागच्या खोलीत, जिथं लसणाच्या जुड्या टांगलेल्या असतात, तिथं संगणक मांडून दिवसभर एक खेळ खेळायची. दुपारचं जेवण झालं की सोजराबाई तिथंच बाजेवर पाय पसरून बसत. पौषातलं मऊ ऊन खिडकीतून पायांवर यायचं, डोळे अर्धे मिटलेले असायचे आणि समोर पडद्यावर बर्फ पडत असायचा. बर्फ त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांना वाटे, जिनिंगमध्ये रुई उडते तशी ही रुई उडून राहिली आहे.

खेळ जुन्या काळचा होता. किल्ले, घोडे, चिलखतं, जंगलात राक्षस. खेळणाऱ्यानं फाटक्या कपड्यांनिशी त्या मुलखात उतरायचं, गाठीला तांब्याची बारा नाणी, आणि तेवढ्यावर जगून दाखवायचं. पडद्याच्या कोपऱ्यात भुकेची एक लाल पट्टी होती. ती हळूहळू आखडत जायची आणि संपली की माणूस मेला. नवे खेळाडू दोन-तीन दिवसांतच मरत. अपेक्षा त्यांच्यासाठी मराठीत व्हिडिओ बनवायची. पैसा कसा वाचवायचा, थंडीत कसं तगायचं.

एकदा ती रानातली अळंबी विकत होती. सोजराबाईंना राहवलं नाही.

"काय व, सारा माल पयल्याच गिऱ्हाइकाले देऊन राह्यली? जगात तो एकटाच हाय काय?"

"मोठीमाय, तो खरा माणूस नोहे. मशीन हाय."

"मशीन असन. भाव पाडून मागणं तर बरोब्बर जमते त्याले. अर्धा माल झाक. जिथं अळंबी उगवत नाही त्या गावाले ने."

अपेक्षा हसली, पण तिनं नेली. डोंगरापलीकडच्या गावात अळंबीला तिप्पट भाव मिळाला.

मग ती रीतच पडली. अपेक्षा तलवार घ्यायला निघाली, की बाजेवरून आवाज यायचा, "तलवार कायले व? तुले भाजी चिराची हाय का माणसं? सुरी घे, मीठ घे." खाणावळीत नाणं मोडून झोपण्यापेक्षा पाणचक्कीच्या कडब्यात झोप, फुकट आणि ऊबदार. नासणारं आधी खा, टिकणारं मागं ठेव. जोडे फाटायच्या आधी शिव. अंगावर ओझं कमी ठेव, भूकही कमी लागते. यातलं बरंचसं त्या खेळाच्या पुस्तकात नव्हतं, पण सगळं चालत होतं. अपेक्षानं मोठीमायचा आवाज जसाच्या तसा व्हिडिओत घातला आणि कुठकुठची पोरं 'मोठीमायच्या युक्त्या' म्हणून तो ऐकू लागली.

त्यातूनच शंभर दिवसांचा पण निघाला. खेळातला अख्खा हिवाळा, एकच जीव, मेलं की सगळं संपलं. पुण्याच्या एका कंपनीनं अपेक्षाला निरोप धाडला होता, की शंभर दिवस पुरे करून दाखव, मग कामाचं बोलू. पोरीनं ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त मोठीमायला.

एकतिसाव्या दिवशी त्यांना ती झोपडी दिसली.

नदीला जिथं उतार होता, तिथं एक गवती झोपडी. दारात डोक्यावरून कांबळं घेतलेली एक बाई, पाठमोरी, चुलीशी वाकलेली. तोंड काही दिसेना. अपेक्षा म्हणाली, "हे पाय मोठीमाय, ही नव्या लोकाईची सोय हाय. भूक लय लागली की हिच्याजवळ याचं. गाडगंभर पेज देते. तीन वेळा फुकट. पेज पेली की गाडगं परत करून द्याचं, बस."

तिनं पेज घेतली. लाल पट्टी भरली. बाईच्या पायाशी गाडगं ठेवायला ती वाकली, तशा सोजराबाई बाजेवर उठून बसल्या.

"थांब व. रिकामंच देतं काय?"

"मंग?"

"कोणाच्या घरचं भांडं रिकामं धाडतात का कुठं? तुह्या मायनं शिकवलं नाही तुले? चिमूटभर का होईना, काही टाक त्याच्यात."

"मोठीमाय, तिले काय समजते?"

"तिले नसन समजत. आपल्याले समजते ना."

झोळीत सातूचे मूठभर दाणे होते. अपेक्षानं गंमत म्हणून ते गाडग्यात टाकले आणि खेळानं ते टाकू दिले. बाईनं न वळता मागं हात केला आणि गाडगं उचललं. पडद्याखाली इंग्रजीत एक ओळ उमटली.

"काय म्हणते?" सोजराबाईंनी विचारलं.

"म्हणते, 'मी खाल्लं. तू घे.'"

ऊन पायांवरून सरकून भिंतीवर गेलं होतं. सोजराबाई म्हणाल्या, "सगळ्यायले असंच म्हणते का ते?"

"असन. एकच वाक्य असते अशायले."

खेळातले तीन दिवस गेल्यावर त्या पुन्हा उतारावर गेल्या. या वेळी गाडग्यात पेजेबरोबर पाल्याची उकडलेली भाजी होती. अपेक्षानं त्यावर बाण नेला. खेळातल्या प्रत्येक वस्तूला नाव असतं, हिला नव्हतं. नावाच्या जागी कोरी चौकट.

"तरोटा हाय," सोजराबाई म्हणाल्या.

"तरोटा आपल्या इकडच्या रानात उगवते, मोठीमाय. हा खेळ विलायतेतला हाय."

"म्या जन्मभर भाजी विकली, पोरी."

अपेक्षानं इतर खेळाडूंना विचारलं. कोणाच्याच गाडग्यात कधी भाजी आली नव्हती. कोणी दाणेही टाकून पाहिले, पण त्यांच्या खेळात गाडग्यात काही टाकताच येईना. तिला वाटलं, खेळात काही बिघाड असेल. पण बिघाड आपल्या फायद्याचा आहे, तर असू दे.

सोजराबाईंना त्या रात्री भूक लागली नाही. दुपारचं वांगं जड झालं असेल, असं रुखमा, अपेक्षाची आई, म्हणाली.

बना, सोजराबाईंची बहीण, त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटी होती. बहात्तरच्या दुष्काळात सोजरा सोळाची, बना तेराची. माय-बाप आधीच गेलेले, चुलत्याच्या घरी दोघी. चुलत्यानं दोघींना दुष्काळी कामावर घातलं. रस्त्याचं काम, खडी फोडायची. दुपारी एकला घंटा व्हायची आणि सुकडी, भाजल्या पिठाचा कोरडा खाऊ, वाटायचे, ज्याचं नाव हजेरीला त्याला वाटा. त्या दिवसांत विहिरी इतक्या कोरड्या होत्या, की तळातला दगड दिसायचा, आणि तरी पोरी खडीच्या ढिगावर बसून गाणी म्हणायच्या. सोजराबाईंना आजही त्या ढिगांचा वास येतो, तापलेल्या दगडाचा.

माघात सोजराला हिवताप आला. तीन आठवडे ती पालात पडून होती. हजेरी नाही म्हणून वाटा नाही. बना रोज दुपारी जर्मनच्या डब्यात आपली सुकडी घेऊन यायची आणि डबा पुढं करायची. म्हणायची, "मी खाल्लं. तू घे."

सोजरा खायची. डबा चाटूनपुसून रिकामा परत द्यायची.

कोणाला वाटेल, तापातल्या माणसाला कसं कळावं. पण खरं सांगायचं तर सोजराला पहिल्याच दिवशी कळलं होतं. एका वाट्यात दोन पोटं भरत नाहीत. बनाच्या ओठांना सुकडीचा कणही लागलेला नसायचा. सोजरानं विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर अर्धी द्यावी लागली असती. ताप उतरला, ती उठली, आणि बना निजली. जुलाब लागले. आठ दिवसांत गेली. उचलताना चुलता म्हणाला होता, "हिच्यात तर काहीच नाही." हे सोजराबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तरोटा आला त्याच्या दुसऱ्या दुपारी, ऊन भिंतीवर चढत असताना, त्यांनी ते अपेक्षाला सांगितलं. अपेक्षानं खेळ थांबवला होता. पडद्यावरचा बर्फ हवेतच थबकलेला होता.

"मोठीमाय, तुले वाटते ते बनामावशी हाय?"

"मले काही वाटत नाही व," सोजराबाई म्हणाल्या. "फकस्त एकडाव तिनं माह्या डोयापुढं खाल्लं पायजे."

मग तोच त्यांचा ध्यास झाला. अपेक्षा जे काही मिळवायची, त्यातला चांगला वाटा गाडग्यात जायचा. मध, सुकवलेले मासे, सफरचंदं, चीज. चीज म्हणजे काय ते सोजराबाईंना ठाऊक नव्हतं, पण महाग होतं म्हणून टाकायला लावलं. "खाऊ दे तिले," त्या म्हणायच्या. बाई पाठमोरीच असायची. मागं हात करायची, गाडगं घ्यायची, आणि पुढच्या खेपेला ते आणखी भरून यायचं. तीन वेळांची अट कधीच मागं पडली होती. तरोटा, मग आंबाडीची भाकरी, मग दुष्काळात रेशनवर मिळायच्या तशा लाल मिलो ज्वारीच्या कण्या. सगळ्यांना कोरी चौकट. ओळ मात्र तीच. मी खाल्लं, तू घे.

पन्नासाव्या दिवशी अपेक्षाच म्हणाली, "मोठीमाय, हिचा हात पाय बरं."

हात बारीक झाला होता. अपेक्षानं आपले जुने व्हिडिओ काढून शेजारी लावले. एकतिसाव्या दिवशीचा हात आणि आजचा. एकाच बाईचे वाटत नव्हते.

"खेळात माणसं बारीक होतात का?"

"नाही व. एकदा काढलं की तसंच राह्यते चित्र."

सोजराबाईंना तेव्हा सगळं लख्ख दिसलं. बाजारात शेजारणी-शेजारणींत असं चालायचं. हिनं लोणचं धाडलं की तिनं वाटी भरून चटणी धाडायची, तिनं चटणी धाडली की हिनं सांडगे. कोणीच आधी थांबायचं नाही, कारण थांबलं की नातं संपलं. इथंही तेच होऊन राहिलं होतं. त्या जितकं पाठवत होत्या, तितकं वर आणखी घालून ते परत येत होतं. आणि ती ते कुठून आणत होती, हे त्यांना माहीत होतं. स्वतःच्या तोंडचं काढून.

एव्हाना घरात त्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. गाडगं आलं, की त्या दिवशी तीही नको व्हायची.

"मंग धाडू नको काही," अपेक्षा म्हणाली. "रिकामं देऊन टाकू. बंद होईन सगळं."

सोजराबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं, की पोरीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

सत्त्याण्णवावा दिवस उजाडला. अपेक्षाच्या झोळीत तीन दिवसांचं खाणं काटेकोर मोजून ठेवलेलं होतं. सुकं मांस, दोन भाकऱ्या, मूठभर अक्रोड. बाहेर वादळ, शिकार नाही. तेवढ्यावर शंभर गाठायचे होते.

"अपेक्षा," सोजराबाई म्हणाल्या. त्यांनी कधी तिला असं नावानं हाक मारली नव्हती. बाई, पोरी, माय, असंच. "म्या तुले कधी काही मांगतलं नाही."

अपेक्षा समजली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मोठीमाय, मरन ना मी. तीन दिवस राह्यले. पुण्याचं काम..."

"मालूम हाय मले."

"सारंच टाकाचं?"

"सारं. अन् मंग तिथून हालाचं नाही. तिनं खायपर्यंत बसाचं. झोळी आपली रिकामी हाय हे दिसू दे तिले. म्हणजे आपल्यापाशी परत घ्याले जागा हाय, पण आपण घेत नाही. तिले खाच लागन."

पोरीनं नाक पुसलं आणि माऊस हातात घेतला.

उतारावर बर्फ इतका होता, की झोपडीचं छप्पर तेवढं दिसत होतं. चुलीतला जाळ बारीक होता. अपेक्षानं एकेक वस्तू गाडग्यात टाकली. मांस. भाकऱ्या. अक्रोड. झोळी रिकामी झाली.

मागं हात आला. बोटं तेवढी उरली होती.

गाडगं आत गेलं.

त्या दोघी बसून राहिल्या. लाल पट्टी आखडत होती. खोलीत लसणाचा वास, बाहेर रुखमा अंगणात तूर पाखडत होती, तिच्या सुपाचा आवाज येत होता.

पट्टी अर्धी झाली.

"खा व, बना," सोजराबाई पडद्याला म्हणाल्या. "खा, माय."

पट्टी पाव राहिली. बाईची पाठ हलत नव्हती.

पट्टीचं टोक उरलं. अपेक्षानं डोळे मिटले.

तेव्हा बाई वळली.

कांबळ्याच्या आत तोंड नव्हतं, असं अपेक्षा पुढं सांगे. नुसता काळोख होता. सोजराबाईंनी काय पाहिलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या फक्त पुढं झुकल्या आणि दोन्ही तळवे पडद्यावर ठेवले.

बाईनं गाडगं पुढं केलं. काठोकाठ भरलेलं होतं. सुकडी होती.

या वेळी ओळ उमटली नाही.

मग बर्फ पडत राहिला. झोपडी होती, चूल होती, बाई नव्हती. लाल पट्टी पुरी भरलेली होती आणि गाडगं पुढ्यात रिकामं पडलं होतं. अपेक्षानं सवयीनं गाडग्यात काही टाकायला झोळी उघडली. झोळीत काही नव्हतं आणि घ्यायला कोणी नव्हतं.

पट्टी त्यानंतर खाली उतरलीच नाही. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, शंभर. पोरगी न खाता वादळातून चालत गेली. पुण्याच्या लोकांनी व्हिडिओ पाहिला आणि फोन केला. शेषरावांनी गल्लीत पेढे वाटले. सोजराबाईंनी पेढा हातात घेतला आणि रुखमाचं लक्ष नसताना परत डब्यात ठेवला.

ते शेवटचं गाडगं आलं त्याच्या बाराव्या दिवशी रुखमाला कळलं. ताटं घासताना तिनं ताडलं, की सोजराबाईंच्या ताटाला खरकटंच नसतं.

"बाई, तुमी जेवून नाही राह्यल्या. कवापासून?"

"भूकच नाही व."

"पाणी?"

"पाण्याचंही मन होत नाही."

रुखमानं रडारड केली, ऑटो बोलावला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. सकाळची गर्दी होती. नंबर लागायला दुपार झाली. नर्सबाईंनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, मग काट्यावर उभं केलं. वहीतला दिवाळीतल्या तपासणीचा आकडा काढला, पुन्हा काट्याकडं पाहिलं आणि हसल्या.

"अहो, कायची काळजी करता? साडेसहा किलो वाढलं वजन. चांगलं खाऊ घालून राह्यले घरचे. जा घेऊन."

रुखमानं सोजराबाईंचा दंड धरला, तो तिच्या मुठीत मावेना.

दोघी ऑटोत बसून परत निघाल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आला होता, उन्हात सगळं शिवार डुलत असल्यासारखं वाटत होतं. कुठल्याशा शाळेची एकची घंटा झाली.

सोजराबाईंचं तोंड मिटलेलं होतं. तरी त्यांचा घसा हलला. काहीतरी खाली गेलं. मग पुन्हा हलला.

रुखमा त्यांच्याकडं बघतच राहिली. "बाई? काय खाऊन राह्यल्या?"

पुरे आता बना, तू खा, एवढंच म्हणायचं होतं. सोजराबाईंनी जीभ हलवायचा प्रयत्न केला. पण तोंड भरलेलं होतं.